आगटीखालच्या फासळ्या

माझे दाजी किशनराव यांना एकच गोष्ट जमत नाही, ती म्हणजे थांबणं. बाकी सगळं जमतं. विहिरीतली मोटार बिघडली तर दुरुस्त करतात, अडलेली गाय मोकळी करतात, लग्नात वाढायला उभे राहिले तर पंगतीतून कुणी अर्धपोटी उठत नाही. पण एसटी निलंग्याच्या स्टँडात वळायच्या आधी ते दारात उभे असतात. त्यांच्या बांधावरच्या आंब्याला पिकणं म्हणजे काय ते ठाऊकच नाही, कारण कैरी जरा धरली की दाजी तिखटमीठ घेऊन झाडाखाली हजर. एकदा वाफ जायची वाट न बघता त्यांनी कुकरचं झाकण ओढलं. त्या वरणाचा डाग स्वयंपाकघराच्या छताला अजून आहे. माझी थोरली बहीण साखराबाई, म्हणजे आमची आक्का, आल्यागेल्याला तो डाग आवर्जून दाखवते.

असा माणूस फौजेत कसा टिकला हे तिथल्या साहेबांनाच माहीत. नागालँडला असताना तिथलाच एक सोबती त्यांना घरी जेवायला घेऊन गेला. त्याच्या आईनं चुलीवर डुकराच्या फासळ्या ठेवल्या होत्या. दाजींनी सवयीप्रमाणे झाकणाला हात घातला, तर म्हातारीनं त्या हातावर पळी हाणली. दाजींना तिची भाषा येत नव्हती, पण पळी समजली. दिवस कलताना ताट आलं तेव्हा मांस हाडावरून नुसतं बोट लावल्यावर सुटत होतं. रिटायर होऊन दाजी गावी आले ते पेन्शन, एक ट्रंक आणि ही आठवण घेऊन. पेन्शन आक्कानं ताब्यात घेतली, ट्रंक उंदरांनी घेतली, आठवण माझ्या वाट्याला आली.

आमच्या घरात बोकड चालतो, कोंबडी चालते. डुक्कर म्हटलं की आक्का पदर खोचते. "त्ये माझ्या उंबऱ्याच्या आत आलं तर मी भाईर," हे तिचं एक वाक्य, आणि त्यावर अपील नाही. म्हणून हा सगळा उद्योग शेतात चाले. फौजेतला एक दोस्त हैदराबादहून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून फासळ्या पाठवायचा. डबा उतरवून घ्यायचं काम माझं. दाजी मागची पांढरी झिल्ली सोलून काढायचे, लसूण, चिंच, काकवी आणि आक्काच्या बरणीतून लांबवलेला काळा मसाला चोळायचे, आणि मग जाळावर ठेवून दर घडीला झाकण उघडायचे. "झालं का बघतो जरा." बघून बघून सगळी वाफ जायची. मग जे काय तयार व्हायचं ते चावताना माझे कान दुखायचे. आमच्या काळू कुत्र्यानं एकदा तसलं हाडूक तोंडात धरलं, थोडा विचार केला आणि परत आणून दाजींपुढं ठेवलं.

एका जानेवारीत दोन गोष्टी एकाच दिवशी आल्या. एक म्हणजे हैदराबादचा डबा. दुसरी म्हणजे जळकोटचे पाहुणे.

दाजींची पोरगी साक्षी लातूरला शेतीचं शिकली. तिथंच सत्यम नावाचा मुलगा तिला आवडला. पोरगा सालस, कामाला वाघ, पण घर माळकरी. त्याचे वडील सटवाजी यांच्या घरात कांदा-लसूणसुद्धा विचारून येतो. त्यांना घर बघायचं होतं, माणसं बघायची होती, म्हणून आक्कानं त्यांना शेतात हुरड्याला बोलावलं. साक्षीनं बापाचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं, "पप्पा, एक दिवस. फकस्त एक दिवस नीट वागा."

दाजींनी तिला वचन दिलं आणि पाहुणे यायच्या दिवशी पहाटे मला डबा उतरवून घ्यायला उठवलं. बर्फ वितळत चालला होता, आणि त्यांच्या हिशेबानं एवढं चांगलं मांस टाकून देणं हेही पाप होतं. फासळ्या मसाल्यात घोळून पितळी डब्यात भरल्या, डब्याचं तोंड कणकेनं लिंपलं. हुरड्यासाठी आगटीचा खड्डा खणलाच होता. तो आणखी खोल केला, तळाशी निखारे, त्यावर डबा, त्यावर मातीचा थर, आणि मातीवर गोवऱ्या पेटवल्या. पाहुणे येईपर्यंत डबा काढून मोटारीच्या खोलीत लपवायचा असं ठरलं होतं.

पण पाहुणे दाजींहून घाईचे निघाले. आमचे हात अजून मातीचे होते तेवढ्यात जीप बांधाला लागली.

सटवाजी, त्यांची मंडळी आणि सत्यम उतरले, रामराम झाला, आणि सटवाजी सरळ आगटीपाशी येऊन बसले. थंडी होती, शेक चांगला होता, त्यांना ती जागा फार आवडली. आक्कानं गुळभेंडी ज्वारीची कणसं भाजायला घेतली. गरम हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं असं सगळं पुढं आलं. सटवाजी निवांत खाणारा माणूस. एकेक दाणा तोंडात टाकायचे, शेतीचं बोलायचे, पुन्हा दाणा. दाजी समोर बसून आगटीकडं असे बघत होते, जणू पोरगी तिच्यातूनच नांदायला जाणार आहे.

थोड्या वेळानं वास सुटला. काळू येऊन आगटीकडं तोंड करून बसला आणि हलेना.

"कुत्रं लई शिस्तीचं हाय तुमचं," सटवाजी म्हणाले.

"फौजेतली सवय," दाजी म्हणाले. काळू फौजेत कधी नव्हता.

"पर वास कशाचा येऊन राहिला, पाव्हणं?"

"सकाळी काकवी सांडली हितं."

उन्हं वर आली. सटवाजींनी पुन्हा नाक वर केलं. "अजून येऊन राहिलाय."

"लई सांडली," दाजी म्हणाले.

आक्काला मात्र तिचा काळा मसाला ओळखू आला. तिनं दाजींकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी हरभऱ्याच्या रानाकडं बघायला लागलो. साक्षीलाही कळलं असावं, कारण तिनं बापाकडं बघणंच सोडून दिलं. दाजींचा उजवा हात सारखा आगटीकडं सरकत होता आणि ते डाव्या हातानं तो मांडीखाली दाबून धरत होते. इतक्या वर्षांत त्यांचा असा छळ होताना मी पहिल्यांदा बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

बोलणी मात्र छान चालली होती. सटवाजींच्या मंडळींना साक्षी आवडली. सत्यमनं आक्काला कणसं सोलू लागून तिचं मन जिंकलं. ऊन तिरपं झालं तेव्हा सटवाजी उठले, अंगावरची राख झटकली आणि म्हणाले, "किशनराव, मला पोरगी पसंत, घर पसंत. आता या आगटीचा मूठभर हुरडा बांधून द्या. घरी देवाम्होरं ठेवतो. आमच्यात त्यालाच सुपारी फुटली म्हनायचं."

साक्षीचा चेहरा उजळला. आक्का लगबगीनं स्वच्छ फडकं घेऊन आली. मी मनात म्हटलं, सुटलो. फडक्यात हुरडा बांधला, गाठ मारली, सटवाजींनी तो कपाळाला लावला.

"थांबा, पाव्हणं," दाजी म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

"ह्यो देवाम्होरं ठिवू नका. या आगटीखाली डुकराच्या फासळ्या हाईत. म्याच पुरल्यात. बाकीच्यांना ठावं नव्हतं." मी त्यांच्या 'बाकीच्यांना'त बसत नव्हतो, पण त्या वेळी गप्प राहिलो.

साक्षीनं तोंडाला ओढणी लावली. आक्का मटकन खाली बसली. सटवाजींनी फडकं हळूच बांधावर ठेवलं, मोटारीच्या पाण्यावर गेले, हात धुतले, तोंड धुतलं, चुळा भरल्या. दाजी जागचे हलले नाहीत. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझी मजा कुठल्या कुठं गेली. एका खाण्यापायी पोरीचं सोनं मातीत घातलं, आणि त्या मातीवर मीही फावडं चालवलं होतं.

सटवाजी परत आले. "सकाळधरनं मला खोटं सांगून राहिलात."

"हाव."

"काकवी सांडली म्हनून."

"हाव. सांडली नव्हती. आत घातली व्हती."

"डबा कुठं फुटला, सांडला?"

"न्हाई. कणकेनं लिंपलाय. वर माती हाय."

सटवाजींनी गळ्यातली माळ बोटांनी चाचपली. "गप ऱ्हायला असता तर मला जलमात कळलं नसतं."

"तुमाला नसतं कळलं. पर तुमच्या देवाला कसं फसवू? उद्या माझी पोर त्याच देवाम्होरं दिवा लावनार."

सटवाजींनी काठी उचलली, पलीकडच्या कोऱ्या रानात गेले आणि जमिनीवर गोल रेघ मारली. "हितं खड्डा घ्या. नवी आगटी पेटवा. देवाचा हुरडा मी सोता भाजतो." आणि आक्काकडं वळून म्हणाले, "इहीनबाई, उठा. कणसं आना."

दाजी असे पळाले की रिटायर झालेला माणूस म्हणून कुणी ओळखलं नसतं. खड्डा त्यांनी खणला, गोवऱ्या त्यांनी आणल्या. सत्यम आणि साक्षी मिळून कणसं मोडून आणत होते, आणि साक्षी मधूनच डोळे पुसत होती, मधूनच हसत होती. नवी आगटी धरली. सगळ्यांचं लक्ष तिकडं आहे असं बघून दाजी जुन्या आगटीकडं सरकले. त्यांनी मातीला हात घातला तोच सटवाजींची काठी त्या हातावर टपकन बसली.

"आधी देवाचं," सटवाजी म्हणाले. "तुमचं तोवर ऱ्हाऊ द्या तितंच."

दाजी हात चोळत माझ्याकडं बघायला लागले. नागालँडची पळी त्यांना आठवली होती, हे मला न सांगता कळलं.

दुसरं फडकं बांधून जीप गेली, धूळ बसली, तेव्हा आम्ही डबा काढला. कणीक फोडली. दाजींनी एक फासळी उचलली तर हाड एकटंच हातात आलं, मांस डब्यातच राहिलं. ज्या फासळ्या अखंड निघाल्या त्या आम्ही अलगद निखाऱ्यावर धरल्या, वरून काकवीचा हात फिरवला, कडा जरा करपू दिल्या. दाजींनी पहिला घास घेतला आणि ते चक्क रडले. आक्का लांब बांधावर पाठ करून बसली होती. "तेच खाऊन राहिलात न्हवं? शरम हाय का काही?" ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "वास तेवढा बरा हाय." काळूनं त्या दिवशी एकही हाड परत आणलं नाही.

लग्न झालं. त्यानंतरच्या जानेवारीत हैदराबादचा डबा यायच्या आदल्या दिवशी दाजींनी जळकोटला फोन लावला. "इवाई, या हुरड्याला." सटवाजी आले. तेव्हापासून आमच्या शेतात दोन आगट्या पेटतात, एक देवाची आणि एक दाजींची. सटवाजी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आपल्या आगटीपाशी बसून निवांत दाणा दाणा खातात. त्यांनी या फासळ्या कधी चाखल्या नाहीत आणि चाखणारही नाहीत. पण काठी अशा बेतानं ठेवतात की दाजींच्या आगटीपर्यंत पोचावी.

"झालं का बघतो जरा," दाजी म्हणतात.

"अजून न्हाई," सटवाजी म्हणतात, दाणे चोळत.

दाजींच्या फासळ्यांचं नाव आता फौजेतल्या दोस्तांत झालंय. ते फोन करून विचारतात, किशनराव, एवढ्या मऊ कशा होतात, काय काय घालता? दाजी सगळं सांगतात. झिल्ली सोलायची, काकवी, चिंच, काळा मसाला, कणकेचं लिंपण, मातीचा थर. आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणतात, "पर त्येवढ्यानं होत न्हाई. वर बसायला माळकरी इवाई लागतो."