बरणी बाहेर निजायची तेव्हा

लोणच्याची फोड वाजली पाहिजे, असा माझ्या आईचा कायदा होता. आंबट-तिखट काय, सगळ्यांचंच असतं. दाताखाली कर्र झालं आणि ते शेजारच्या पाटावरच्याला ऐकू गेलं, तरच ते लोणचं. त्यामुळं आमच्याकडं कोणी फोड तोंडात टाकली की बाकीचे क्षणभर गप्प बसायचे. पाहुण्यांना वाटायचं, काय वळण आहे घराला, जेवताना पोरं बोलतसुद्धा नाहीत!

मी आता नांदेडला असते. पन्नाशी जवळ आली, पण माझी एकही फोड अजून दिवाळीपर्यंत वाजलेली नाही. करते सगळं आईसारखंच. तरी दसऱ्याच्या सुमाराला बरणीत लोणचं कमी आणि लगदा जास्त असतो. नवरा कौतुकानं विचारतो, "आज पातळ भाजी कसली गं?" मुलगा चमचा बाजूला सारून पळी मागतो. अशा वेळी मला आईचं बिघडलेलं लोणचं आठवतं. तिचं आयुष्यात एकदाच बिघडलं. माझ्यासारखं दरसाल नाही.

आईचं माहेर मुदखेडचं. तिथं शेजारी तेलुगू बोलणारी घरं होती. प्रत्येक फोडीला कोयीच्या टणक कवचाचा तुकडा राहिलाच पाहिजे, हे तिनं त्यांच्याकडून उचललेलं. कवच असलं की फोड उभी राहते, नसलं की मान टाकते. कैरी गावरान, जाड सालीची, आत कोय धरलेली पण अजून पिवळी न पडलेली. धुतल्यावर एकेक कैरी अण्णांच्या जुन्या धोतराच्या फडक्यानं अशी पुसायची, की न्हाऊ घातलेलं लेकरूच. मग अडकित्त्यानं फोडायची, कवचाला चिकटलेला पांढरा पापुद्रा खरवडून टाकायचा. करडईचं तेल कडकडीत तापवायचं आणि मग पार गार होऊ द्यायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, एकदा घाईनं म्हणाले, "कोमट झालंय की, ओत आता." आई म्हणाली, "कोमट ओतते आणि फोडी शिजवून भाजीच करते. खा मग." आणि सगळ्यात कडक नियम असा, की बरणी एकदा कोपऱ्यात बसली की ती जागची हलवायची नाही. फोडी खाली, तेल वर, तिचं तिला निवांत मुरू द्यायचं.

आमचं घर तेव्हा लातूरला. अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते. आज लातुरात क्लासच्या बोर्डांमागं भिंत सापडत नाही; तेव्हा पोरं शिकायला लातूरला पाठवायचं वेड नुकतं लागत होतं. ज्याच्या घराला मागची खोली तो ती रिकामी करून अकरावी-बारावीची पोरं ठेवून घ्यायचा. आमच्याकडं चार होती, चारही उमरीकडची. राहायला मागची खोली, जेवायला आईच्या हातचं. ती आईला काकू म्हणायची, पहाटे उठून मोठ्यानं सूत्रं घोकायची आणि जेवताना फोड दाताखाली आली की चौघं मिळून ओरडायची, "वाजली!" आई वरवर करवादायची, "मेल्यांनो, ताटाकडं बघा की!" पण ती दिवसभर त्या एका ओरडण्यासाठी राबायची. अण्णांनी जन्मात कधी 'वाजली' म्हटलं नव्हतं.

मग भूकंप झाला. औसा-निलंग्याच्या बाजूला पहाटेच्या झोपेत गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली. त्या दुःखापुढं आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला गेलेला एक तडा कशात जमा नाही, लोणच्याचं तर नावही काढू नये. पण माणसाला आपल्याच घरातलं आठवतं, त्याला काय करणार. पोरांचे बाप दुसऱ्याच दिवशी जीप करून आले आणि चौघांना घेऊन गेले. जीप हलल्यावर त्यातलं सगळ्यात उंच पोरगं बाहेर डोकं काढून ओरडलं, "काकू, बरणी सांभाळा! आम्ही येतोच!"

पोरगं बोलून गेलं. आईनं ते अक्षरशः घेतलं.

सगळी गल्ली समोरच्या मोकळ्या प्लॉटवर ताडपत्र्यांखाली झोपायला लागली होती. स्वयंपाक घरात, तोही एक पाय दारात ठेवून. दिवेलागणीला अंथरुणं बाहेर. आमच्या अंथरुणांबरोबर बरणीही बाहेर निघू लागली. चिनी मातीची, दोन कानांची, चांगली गुडघ्याएवढी. एका कानाला आई, दुसऱ्या कानाला मी. मी दहावीत होते. अभ्यासात यथातथा, पण बरणी धरण्यात माझा हात कोणी धरला नसता. सकाळी ऊन चढायच्या आत ती पुन्हा घरात, कारण बाहेर ऊन आणि कुत्री.

अण्णा म्हणायचे, "अगं, माझी सर्टिफिकेटं आत कपाटात आहेत."

"असू द्या. त्यांना कोण खातंय?"

शेजारीण आमची वरात रोज बघायची. एके संध्याकाळी म्हणाली, "वहिनी, लेकरू वजनाला भरलंय हो. औंदा बालवाडीत घालायचं का?"

बरणी हलवायची नाही हा नियम आईचाच. पण भिंत अंगावर आली तर बरणीचं काय करायचं, हे त्या नियमात नव्हतं. आणि 'पोरं आली की उघडू' म्हणून तिनं तोंडाला बांधलेलं फडकंही सोडलं नाही. आम्ही आपले ठेच्यावर जेवत होतो.

दिवाळी झाली. कॉलेजं सुरू झाली. पोरांचा पत्ता नाही. कोणी सांगायचं, त्यांची नावं नांदेडलाच घातली. कोणी म्हणायचं, बाप आता लातूरचं नावसुद्धा काढू देत नाहीत. आई मागची खोली रोज झाडायची. कणीक सात जणांची मळून बसायची आणि मग परातीकडं बघत म्हणायची, "हाताला सवय लागली मेली." उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा आम्ही सकाळी मुकाट्यानं खायचो. पोरं आली नाहीत तर आईचं काय होणार, हा प्रश्न अण्णांना आणि मला दोघांनाही पडला होता. आम्ही तो एकमेकांना विचारत नव्हतो.

अशात एका दुपारी त्या उंच पोराला घेऊन त्याचा बाप दारात उभा राहिला. धोतर, डोक्याला पटका. पोराची पेटी मात्र बरोबर नव्हती. ती स्टँडजवळ ओळखीच्या दुकानात ठेवली होती. म्हणजे अजून ठरायचं होतं.

"घर बघून जावं म्हणलं," तो म्हणाला. "बाकीची तीन घरं माझ्या शब्दावर थांबल्यात. म्या न्हाई म्हणलं, तर मंग कोनीच न्हाई."

तो प्रत्येक भिंत बोटाच्या पेरानं ठोकत घरभर हिंडला. स्वयंपाकघरातल्या तड्यावर अण्णांनी कॅलेंडर टांगलं होतं. तडा वरून बुजवला, पण तो खालून लांबत गेला, तसं कॅलेंडरही खाली उतरलेलं. तारीख बघायला आम्हाला उकिडवं बसावं लागायचं. पाहुणाही उकिडवा बसला, कॅलेंडर उचललं, मागं पाहिलं, पुन्हा सोडलं. अण्णांचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "काई न्हाई साहेब, तारीख बघून राहिलो."

पानं मांडली तशी आईनं बरणीचं फडकं सोडलं. मी तिच्या मागंच होते. पळी आत घातली, ती फोडीला अडलीच नाही, सरळ बुडाली. वर काढली तर फोडी नव्हत्याच. लालभडक गाळ, त्यात कोयीची कवचं सुटी तरंगत होती. आईनं पळी तशीच धरून ठेवली. मग माझ्याकडं न बघता कुजबुजली, "वाढायचं न्हाई हे."

पण पोरगं कशाला गप्प बसतंय? "काकू, लोणचं?"

"संपलं रे."

"ही काय बरणी!"

वाढावं लागलं. पोरानं तोंडात घातलं. सवयीनं आम्ही सगळे गप्प झालो. काहीच वाजलं नाही. पोरानं माझ्याकडं पाहिलं, मी छताकडं.

बापानं बोटानं चाखलं. "बाई, हे तर गेलं की. आमचं पोरगं गावभर सांगून राहिलंय, काकूची फोड लातुरात वाजती ती उमरीला आयकू येती."

आई एरवी लोणच्यावरून कोणाचं एक अक्षर ऐकून घ्यायची नाही. त्या दिवशी खाली बघून म्हणाली, "फोडी चांगल्याच होत्या भाऊ. हलवून हलवून गेल्या. रोज संध्याकाळी बरणी बाहेर नेतो आणि सकाळी आत आणतो. भिंत पडली असती म्हणजे?"

"रोज?"

"रोज. ही आणि मी."

"आन् ते कशापायी?"

"तुमचं पोरगं सांगून गेलं होतं ना, सांभाळा म्हणून."

त्यानं ताट जवळ ओढलं. पोळीचा तुकडा त्या गाळात बुडवून खाल्ला. मग ताट पुढं केलं, "वाढा आजूक." आईनं वाढलं. आता अण्णांना राहवेना. त्यांनी भिंतीची वकिली सुरू केली, की भिंत तशी मजबूत आहे, गिलावा तेवढा सुटलाय.

"साहेब, भिताडाचं ऱ्हाऊ द्या. सकाळधरनं चार घरची भिताडं ठोकून आलो. समदे म्हणतेत, पक्कं हाय. पडायचं आसंल तर ते काय मला सांगून पडनार हाय?" मग आईकडं वळून म्हणाला, "बाई, आजूक बाहेरच निजता का?"

"हाव. भीती जात नाही हो."

"मंग ह्याचं हातरून त्या बरनीच्या बाजूला टाका. पेटी घिऊन येतो."

आणि हात धुऊन तो खरंच स्टँडकडं गेला. बाकीच्या तिघांना गावी गेल्यावर धाडतो म्हणाला.

मला वाटलं, आई आता हसेल. ती चिडलीच. "काय माणूस आहे! तो गाळ दोनदा मागून खाल्ला. चवढव काही कळते की नाही?" असं म्हणत ती पाठ करून स्टोव्हला पिन मारत बसली. बराच वेळ मारत होती. स्टोव्ह तर सकाळपासून चांगला पेटत होता.

दिवेलागणीला मी नेहमीप्रमाणं बरणीचा कान धरला. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे आत. हलायला काय उरलंय तिच्यात? पेटी धर."

पेटीला एकाच बाजूला कडी, आत सगळी फिजिक्स-केमिस्ट्रीची पुस्तकं, आणि वजन बरणीच्या दुप्पट. मी ती मनातल्या मनात शिव्या देत उचलली. पोरगं वळकटी खांद्यावर टाकून पुढं गेलं आणि ताडपत्रीखालून ओरडलं, "काकू, कुठं टाकू?"

"मधी टाक," आई म्हणाली. "कडंला कुत्री येतात."