कोपऱ्यावरची भिंत

रुग्णवाहिका आमच्या कोपऱ्यावर अडकली होती आणि आत शेजारच्या कुसुमताई धापा टाकत होत्या. वळण काही बसेना. लेआउटच्या नकाशात आमच्या प्लॉटचा हा कोपरा तिरका कापलेला होता. पण तेव्हाची मी, काय ती शहाणी! "रस्त्याला कशाला हवी एवढी जागा?" म्हणत गवंड्याकडून भिंत थेट टोकापर्यंत बांधून घेतली. नकाशा काढणाऱ्याला एखादा आजारी माणूस दिसला असेल. मला माझी चार फूट जमीन दिसली.

"आजी, ही भिंत नडतेय हो!" चालक ओरडला.

"मग बघतोस काय मेल्या? पाडा रे सगळ्यांनी!"

शेजाऱ्यांनी पहारीने कोपरा उतरवला. गाडी वळली. आमच्या दारातून हमरस्ता पहिल्यांदाच दिसला, आणि गाडी त्याला लागेपर्यंत मी पापणी मिटली नाही.