पाहणीच्या बाई

आमच्या तालुक्यात प्रश्न विचारायला आलेली माणसं पुष्कळ झाली. उत्तर ऐकून घेणारी मात्र एकच झाली, आणि ती सहसा प्रश्नच विचारत नसे. मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजातून समाजशास्त्राचा अभ्यास करायला आलेल्या या बाईंना सगळे 'पाहणीच्या बाई' म्हणत. मी तेव्हा कर्जतला एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि त्यांना गावं दाखवण्याचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं होतं. कचेरीत माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं, हे त्यामागचं खरं कारण.

बाई पुरुषी वहाणा घालत, खुर्ची दिली की जमिनीवर बसत, आणि लोकांसमोर कधी वही काढत नसत. गावाबाहेर पडलं की पहिल्या झाडाखाली बसून तासभर पेन्सिलीने लिहीत. तोवर त्यांची छत्री धरून मी उभा. माहिती काढण्याची त्यांची रीत म्हणजे धडधडीत चुकीचं बोलायचं. कोंडाणे गावाच्या वाटेवर एक म्हातारे शेतकरी शेतात पालापाचोळा पेटवून राब भाजत होते. बाई त्यांना म्हणाल्या, "डास पळवायला बरा उपाय आहे हा." म्हाताऱ्यांनी हातातलं काम टाकलं. "बाई, तुमी शिकलेल्या, पण तुमाला काय बी ठावं नाय," असं म्हणून त्यांनी जमीन भाजल्याने भाताचं रोप कसं जोर धरतं, तिथपासून भावाभावांच्या वाटणीपर्यंत सगळं सांगितलं. छापील फॉर्म घेऊन गेलो असतो, तर त्यांनी नाव सांगून आम्हाला वाटेला लावलं असतं.

फॉर्मचा हा अनुभव माझा स्वतःचा. त्याच्या आधीच्या वर्षी आमच्या गावातल्या दवाखान्याची पाहणी मीच केली होती. दवाखान्याचं उद्घाटन दोन भाषणं आणि सात हार यांच्या साक्षीने झालं होतं, पण रोगी येत नव्हते. लोकांना त्याची गरज आहे का, हे पाहायला साहेबांनी मला घरोघर पाठवलं. प्रत्येक घरी चहा झाला, प्रत्येक घरी मी प्रकृती विचारली, आणि प्रत्येक घरी "बरं हाय" असं उत्तर मिळालं. माझ्या वहिनींनीही तेच सांगितलं आणि मी 'प्रकृती उत्तम' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. त्यावरून साहेबांनी अहवाल केला: जनतेचं आरोग्य समाधानकारक, सबब दवाखाना बंद करावा. सहीसाठी तो कागद अजून त्यांच्या टेबलावर पडून होता.

बाईंनी माझे फॉर्म वाचले आणि त्या एवढंच म्हणाल्या, "दारात आलेल्या पाहुण्याला आपलं दुखणं कोण सांगेल?" दुसऱ्या दिवशी त्या भिजवून मोड आणलेल्या कडव्या वालांचं मोठं पातेलं घेऊन आमच्या घरी आल्या. एवढे वाल एकटीने सोलून व्हायचे नाहीत, म्हणत परसदारी जाऊन बसल्या. शेजारणी जमल्या. वाल सोलायला बसलेल्या बाईला कुणी पाहुणी समजत नाही. मी मागच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. मध्ये नुसती कारवीच्या कुडाची भिंत होती. तासाभराने शेजारणी उठून गेल्या. बाई म्हणाल्या, "दवाखान्यातलं औषध कडू असणार, म्हणून तुम्ही जात नाही."

"औषधाचं काय नाय वो," वहिनी म्हणाल्या. "तो कंपाउंडर खिडकीतनं वरडून इचारतो, काय होतंय म्हणून. समोर पारावर सासरे, दीर, सगले बसलेले. काय नाय म्हणायचं आनि मागं फिरायचं." मग त्यांनी आणखी मूठभर वाल पुढे ओढले. "दिवाळीपास्नं रोज सांजच्याला ताप येतो. परवा खोकताना रगत पडलं. घरात कुनाला म्हाईत नाय."

वर्तमानपत्र माझ्या हातात तसंच राहिलं. त्या माउलीच्या हातचं मी रोज दोन वेळा जेवत होतो.

बाईंनी आठवड्याभरात चार पानं लिहिली, त्यात एकाही बाईचं नाव नव्हतं. रोग्याला आत घेऊन विचारावं, दाराला पडदा लावावा, आणि बायका शेतावरून परतल्यावर, संध्याकाळी, दवाखाना उघडावा. साहेब हसले. "एवढ्या संशोधनाचं फळ काय, तर एक पडदा?"

"पडदा आणि संध्याकाळची वेळ," बाई म्हणाल्या. "दोन फळं."

साहेबांनी पहिला अहवाल मागे घ्यायला कुरकुर केली. तेव्हा मी, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, त्यांच्यासमोर उभा राहून म्हणालो की माझे फॉर्म खोटे आहेत आणि तसं मी लिहून देतो. नोकरी जाईल असं वाटलं होतं. साहेबांनी कागद टेबलावरून उचलला, त्यावर दवाखान्याला तीन महिन्यांची मुदत लिहिली आणि पंखा वाढवायला सांगितलं. त्या तीन महिन्यांत पडद्यामागे एवढी माणसं बसली की दवाखान्याला दुसरं बाक मागवावं लागलं. वहिनींना क्षय निघाला. कर्जतला रोजच्या रोज जाणं त्यांना जमलंच नसतं. वर्षभर गावातच इंजेक्शनं आणि गोळ्या झाल्या.

त्यानंतरच्या आषाढात बाई मुंबईहून काही न कळवता आल्या. लावणी चालली होती. मी त्यांना बांधावर नेलं. पोटरीभर चिखलात बायकांची ओळ वाकली होती, आणि त्या ओळीत सगळ्यांच्या पुढे वहिनी होत्या. मी हाक मारणार, तेवढ्यात बाईंनी माझा हात धरला.

"नको. कामात आहेत त्या."

पावसात आम्ही बराच वेळ उभे होतो. परतताना झाडं पुष्कळ लागली, पण बाई कुठेही लिहायला बसल्या नाहीत. पुढे त्या आमच्याकडे कधी आल्या नाहीत. त्यांच्या संशोधनाचं पुस्तक झालं का, तेही मला ठाऊक नाही. झालं असलं, तरी तो बांध त्यात नसणार.