उघडून पाहिलेलं प्लास्टर

गल्लीतल्या कुलूपवाल्याला सगळे शंकासुर म्हणत, आणि उगाच नाही म्हणत. दूधवाला वेळेवर आला तरी याच्या मनात पाल चुकचुकायची: आज एवढा लवकर कसा? जन्मभर दुसऱ्यांची कुलपं खोलली, त्यामुळे बंद असलेल्या कुठल्याच वस्तूवर त्याचा भरवसा नव्हता. आत काय चाललंय ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

असा हा गृहस्थ दाराची वरची कडी बसवताना स्टुलावरून पडला आणि घोट्याची हाडं मोडून बसला. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, वर त्याला हात लावू नका म्हणून बजावलं. झालं! हात लावू नका म्हणजे आत काहीतरी गडबड आहे. बायको बाजारात गेल्याबरोबर पठ्ठ्यानं बारीक करवतीनं प्लास्टर बाजूनं चिरलं, डब्याच्या झाकणासारखं उघडलं, पाय हलवून बघितला आणि चिकटपट्ट्या लावून पुन्हा बंद केलं, वर मोजा चढवला. एकदा करून थांबला असता तर शंकासुर कसला! कच्ची हाडं जागची सरकली आणि तशीच वाकडी जुळली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपली चोरी उघडी पडेल म्हणून प्लास्टर काढायला मात्र हा दुसऱ्याच दवाखान्यात गेला.

पाऊल बाहेरच्या बाजूला फेंगडं झालं. दुकानात जरा उभं राहिलं की घोटा ठणकायचा. आणि हा गिऱ्हाइकांना सांगायचा की त्या डॉक्टरानं माझ्या पायाचं वाटोळं केलं. वर्षभर त्या भल्या माणसाला शिव्या खाव्या लागल्या. ऐकून आपलंच डोकं फिरावं!

शेवटी बायकोनं त्याला सर्जनबाईंकडे नेलं. बाईंनी एक्स-रे बघून सांगितलं की वाकडं जुळलेलं हाड पुन्हा कापायचं, सरळ करायचं आणि धातूची पट्टी नि स्क्रू लावून बसवायचं. लांबवलं तर सांधा झिजेल, मग उभ्यानं करायचं काम विसरा. शंकासुरानं विचारून विचारून भंडावलं: स्क्रू कसले, ते सैल झाले तर, आणि तुम्ही नक्की हेच कापणार कशावरून? बाईंनी सगळं शांतपणे सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं.

"प्लास्टर शेवटपर्यंत नीट होतं?"

"होतं की."

"मग हाड सरकलं कसं? हाडातच दोष असेल तर मी इतक्यात कापणार नाही. आधी तपासण्या करू. काही महिने जातील."

शंकासुरानं मनात हिशेब मांडला. महिने गेले की सांधा जाणार, सांधा गेला की दुकान जाणार. खरं सांगावं तर बायकोसमोर अब्रू जाणार.

"यांनी ते तीनदा उघडलं होतं," बायको म्हणाली.

तो चमकून तिच्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"सतरंजीवरचा चुरा मीच झाडत होते ना."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, तुमचा सगळ्या जगावर संशय. एका माझ्यावर नव्हता. बोलले असते तर पाळत ठेवते म्हणून माझ्यावरही आला असता."

इतकी वर्षं संसार करून तिनं असं भीत भीत राहावं, याची लाज वाटून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं सर्जनबाईंकडे पाहिलं.

"तीनदा नाही," तो म्हणाला. "चारदा."