हात मोकळे ठेवून

आमच्या भोरच्या बेंजो पार्टीत मी ड्रम वाजवतो आणि माझे मामा बेंजो. मला ड्रमवर बसवलं तेही मामांनीच. डावीकडे जोडझांज, मधे स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम. उजवा हात डाव्यावरून आडवा नेऊन झांज वाजवायची, स्नेअर डाव्यानं, ही त्यांची शिकवण. वीस वर्षं तसंच वाजवलं.

मग माझा उजवा खांदा आखडला. हात आडवा धरून गाणंभर वाजवायचं म्हणजे डोळ्यांत पाणी यायचं. मोबाईलवर एक जण हातावरून हात न नेता वाजवताना दिसला, झांज डाव्यानं, स्नेअर उजव्यानं, दोन्ही हात मोकळे. म्हटलं, आपणही शिकू. महिनाभर गोठ्यात पेंडीचं पोतं बडवत बसलो. सुरुवातीला डावा हात काही केल्या ऐकेना. "ह्या दणक्यानं म्हशीनं दूध चोरलं तर धार तुमीच काढायची," बायको म्हणाली. पार्टीत मात्र कुणाला पत्ता लागू दिला नाही. खांदा गेलेला ड्रमर कोण ठेवतो?

किकवीला नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळाकडं निघाली होती. टेम्पोत मी पहिल्यांदा मोकळ्या हातांनी वाजवायला लागलो. हात छान चालला, आणि मामा गाण्याच्या मधेच थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. वाटलं, त्यांची शिकवण मोडली म्हणून रुसलेत.

"मामा, मुद्दाम करताय व्हय?" मी चारचौघांत ओरडलो.

ते नुसते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मंडळी देवळात गेल्यावर मला टेम्पोच्या आडोशाला घेऊन गेले.

"मला ऐकू येत न्हाई रं. दोन-तीन वर्सं झाली. बोटांना गाणी पाठ हायती. तुझा हात आडवा हाय तवर वाजवायचं, मोकळा झाला की थांबायचं, एवढंच म्या बघतो. पार्टीतल्या पोरास्नी सांगू नको. काढत्याल मला."

इतकी वर्षं शेजारी बसून मला कळलं नव्हतं. लाजेनं वर बघवेना. हातांनीच त्यांना समजावलं, हात मोकळे असतील तोवर वाजवा, उजवा आडवा गेला की थांबा. बाकीच्यांना सांगितलं, माझा ताल चुकला.

आता मी मोकळ्या हातांनीच वाजवतो. शेवटच्या ओळीला मात्र उजवा हात आडवा नेतो. कळ पार कोपरापर्यंत जाते. लोकांना ती माझी ढब वाटते. मामा बघतात आणि थांबतात.