पंच बॅटिंगवाल्यांचा

आउट देताना काका नुसतं बोट वर करून थांबायचे नाहीत. चालत बॅट्समनपर्यंत जायचे आणि कारण सांगायचे. "पाय मधल्या स्टंपपुढं हाय तुझा. बॉल वळलेला न्हाई. पटलं?" पटेपर्यंत खेळ बंद. त्यामुळे निगडी प्राधिकरणातल्या आमच्या रविवारच्या मॅचेस कधी वेळेत संपल्या नाहीत, पण भांडणातही संपल्या नाहीत.

गल्लीतलं क्रिकेट तुम्हीही खेळला असाल. पंच कोण? बॅटिंग करणाऱ्या टीममधला, ज्याचा नंबर अजून यायचाय तो. साहजिकच रनआउट हा प्रकार या खेळात जवळपास नसतोच. एका रविवारी फिरायला निघालेले काका मैदानाच्या कडेला थांबले आणि त्यांनी विचारलं, "पंच कोणाचा?" आम्ही सांगितलं. "मग उन्हात पळता कशाला? घरी बसून स्कोर लिहून टाका की," म्हणाले आणि स्वतःच स्टंपमागे जाऊन उभे राहिले. पुढे बारा वर्षं तिथेच होते.

चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत ते क्वालिटीला होते आणि मी त्यांच्या हाताखाली. नाकारलेल्या पार्टला लाल टॅग लावायचा असतो. मी एकदा टॅगवरचा कारणाचा रकाना कोरा सोडला. जेवणाच्या सुट्टीत काकांनी तो पार्ट माझ्या डब्याशेजारी आणून ठेवला. "ह्यानं काय गुन्हा केलाय ते ह्याला तरी कळू दे." लोखंडाच्या तुकड्यालाही कारण कळायला हवं, असं मानणारा माणूस. आजच्या काळात असा माणूस किती टिकणार, ते तुम्हीच ठरवा.

रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून त्यांनी गाडी घेतली आणि ॲपवर कॅब चालवायला लागले. त्याआधी ॲपच्या अटी तीन दिवस वाचल्या, मोबाईल नाकाशी धरून. त्या अटी अख्ख्या वाचलेले बहुधा ते एकटेच. लिहिणाऱ्यानं तरी वाचल्या असतील का, याची मला शंका आहे. सगळं तपासून झाल्यावरच काकांनी 'मान्य आहे'वर बोट टेकवलं.

दोन वर्षांनी अटी बदलल्या आणि ॲपच्या कंपनीनं मुहूर्त झकास काढला. वाकडच्या एका सोसायटीचं गेट, मागच्या सीटवर धाप लागलेले एक म्हातारे गृहस्थ, त्यांना धरून बसलेली मुलगी, आणि स्क्रीनवर 'आमच्या अटी अद्ययावत झाल्या आहेत'. मान्य केल्याशिवाय ट्रिप सुरूच होईना. ॲप बाजूला ठेवून तसंच निघता आलं असतं. पण नोंद नसलेली ट्रिप काकांच्या तत्त्वात बसत नव्हती. आयुष्यात एकदाच त्यांनी न वाचता मान्य केलं. ते गृहस्थ वेळेत दवाखान्यात पोहोचले.

पुढे काही महिन्यांनी एका साहेबांनी त्यांना राँग साइडनं गाडी घालायला सांगितली. यू-टर्न लांब पडत होता आणि साहेबांचा वेळ मौल्यवान होता. काका म्हणाले, "न्हाई जमायचं." साहेबांनी उतरल्या उतरल्या तक्रार ठोकली: बेदरकार ड्रायव्हिंग. संध्याकाळपर्यंत काकांचं खातं कायमचं बंद झालं. मेसेजमध्ये खेद होता, शुभेच्छा होत्या, कारण नव्हतं. तक्रार काय आहे तेसुद्धा त्यांना त्या साहेबांनी उतरताना दिलेल्या धमकीवरूनच कळलं होतं.

कॅबवर त्यांचं पोट नव्हतं. पण तो शब्द त्यांना पचेना. "बेदरकार म्हणत्यात मला," ते म्हणाले. "एकदा समोर बसवून ऐकून तरी घ्या म्हणावं."

मी त्यांना ओळखीच्या वकिलाकडे नेलं.

"कोर्टात नाही जाता येणार, काका. वाद लवादाकडे न्यायचा, असं नव्या अटींत तुम्ही मान्य केलंय."

"लवाद? नद्यांच्या पाण्याचा असतो, तो?"

"तसाच. फक्त इथे माणूस एकटा. बसणार कंपनीच्या शहरात. त्याचा निकाल अंतिम आणि गुप्त."

"त्याला नेमणार कोण?"

"कंपनी."

काका माझ्याकडे बघून हसले. "म्हंजी पंच बॅटिंगवाल्यांचा."

हायकोर्टात जाऊन पंच बदलून मागता येईल, असं वकील म्हणाला. पण त्यात वर्षं जातील, हेही म्हणाला. "वर्षं बी त्यांच्याकडंच जास्त हायेत," काका म्हणाले.

जाऊ नका, म्हणून मी खूप सांगितलं. त्यांनी चाकणच्या कंपनीचा जुना पांढरा शर्ट इस्त्री केला, फाइल घेतली आणि दिवसभराचा रेल्वेप्रवास करून त्या शहरात जाऊन आले.

"माणूस चांगला हाय. चहा पाजला. अकरा मिनिटं ऐकलं," परतल्यावर त्यांनी सांगितलं. त्या अकरा मिनिटांवर ते आठवडाभर खूश होते, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग मेल आला. तो मीच वाचून दाखवला. अर्ज फेटाळला होता. खाली एक ओळ होती: निकालाची कारणे देण्याची आवश्यकता नाही, असे उभय पक्षांनी मान्य केले आहे.

"मी मान्य केलंय?" काकांनी विचारलं. मी मान डोलावली.

त्या रविवारी ते मैदानावर आले. तिसऱ्याच ओव्हरला एलबीडब्ल्यूचं अपील झालं आणि काकांनी बोट वर केलं. बॅट्समन सवयीनं क्रीजमध्येच थांबला, ते चालत येतील म्हणून. काका जागचे हलले नाहीत. आपल्या वर केलेल्या बोटाकडे बघत राहिले. मग बॉल मोजायचे सहा खडे त्यांनी स्टंपशेजारी ओळीनं ठेवले आणि घरी निघून गेले.

नंतर ते मावळातल्या आपल्या गावी राहायला गेले. मागच्या वर्षी तिथेच वारले. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः रविवारी.

परवा आमची बॅटिंग होती. माझा नंबर यायचा होता, म्हणून पंच म्हणून मीच उभा राहिलो. खडे तेच आहेत. आमचा एक जण हातभर बाहेर असताना बेल्स उडाल्या. मी नॉटआउट दिला. कोणी कारण विचारलं नाही.