गफूर परकारने काढलेली कॅसेट

गफूर परकार दापोलीकडच्या खाडीकाठचा. मुंबईत चौदा वर्षं त्याने टीव्हीत आणि सिनेमात कामं केली. हवालदार, टांगेवाला, कोर्टातला साक्षीदार. दुसरा सांगेल तिथे उभं राहायचं, दुसरा सांगेल तेव्हा रडायचं. कामं आटली तेव्हा तो सौदीत दम्मामला एका कंपनीत स्टोअरकीपर झाला.

एक्याण्णवच्या जानेवारीत युद्ध पेटलं. दम्मामवर क्षेपणास्त्रं येऊ लागली, भोंगे वाजू लागले. गावाहून तारा येत होत्या, परत या. तेव्हा कामगारांच्या कॅम्पचे मॅनेजर गोपीनाथ साहेब व्हिडिओ कॅमेरा घेऊन आले.

"तू सिनेमातला माणूस. सगळ्यांची खुशाली टिप, कॅसेट गावी पाठवू. चेहरे हसरे हवेत."

इतकी वर्षं कॅमेऱ्यासमोर गेली, पण कॅमेरा हाती आला तो आत्ता. गफूरने तो तान्ह्या लेकरासारखा धरला.

गल्फमधल्या माणसाचा फोटो गावी जायचा तो भारी घड्याळ घालून, गॉगल लावून, कुणाच्या तरी मोटारीला टेकून. कॅम्पमधली गफूरच्याच गावची अकरा माणसं तशीच रांगेने उभी राहिली. संध्याकाळी कॅसेट लावली आणि खोलीत हशा पिकला. अकराही मनगटांवर एकच घड्याळ होतं, वेल्डर सिराजुद्दीनचं.

"गावात व्हीसीआर एकच," गफूर म्हणाला. "सगळ्या बाया एकत्र बसून बघणार. सिराज, तुझी इस्मत तर लगेच ओळखेल."

"मग काय करायचं, गफूरभाई?"

"घड्याळ काढा. कामाचे कपडे घाला. खरं असेल ते बोला. उद्या परत काढू."

दुसऱ्या दिवशी सिराजुद्दीन गॅसचा मास्क मांडीवर घेऊन बसला. "इस्मत, भीती वाटते गं," तो म्हणाला, आणि भोंगा वाजला. तो दचकला, मास्क चढवू लागला, पट्टा कानात अडकला. गफूरने कॅमेरा बंद केला नाही.

गोपीनाथ साहेबांनी ते पाहिलं. "कॅसेटमधून भोंगा काढ. मास्क काढ. हे बघून बायका नवऱ्यांना बोलावून घेतील, मग काम कोण करणार?"

"नाही काढत."

"मग कॅसेट इकडे दे."

"नाही देत."

"मालकाकडून, कफीलकडून तुझा पासपोर्ट आणवतो, एक्झिटचा शिक्का मारून गावी धाडतो. खलास!"

"मारा, साहेब. चौदा वर्षं दुसऱ्याच्या सांगण्यावर रडलो. हे पिक्चर माझं आहे."

आठवड्याभरात एक्झिट लागली. बसने जेद्दा, तिथून मुंबई, तिथून गाव. कॅसेट त्याने पोटाशी बांधून आणली.

भर दुपारी सगळा मोहल्ला टीव्हीसमोर बसला. भोंगा वाजला तशी मुलं रडू लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, आवाज बारीक कर!"

"होणार नाही," गफूर म्हणाला. "तिकडे त्यांना करता येतो का?"

इस्मत उठली आणि पडद्याच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली.